सुट्टीतले वाचन : मरगळ कशाची आणि योजना कशी?

एप्रिल उजाडला, वार्षिक परीक्षांची घाई सुरू झाली, की शाळेच्या फळ्यावर आणि पालकसभेत एक वाक्य हमखास येते : 'सुट्टीत मुलांनी भरपूर वाचावे.' काही शाळा पुस्तकांची यादी देतात. काही शाळा वाचनाची नोंदवही ठेवायला सांगतात. कुठे सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस असते. हेतू चांगलाच असतो. पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर नोंदवहीची पहिली दोन पाने भरलेली आणि पुढची कोरी, असा अनुभव अनेक शिक्षकांना येतो.

मोकळेपणाने बोलायचे तर मोठ्यांची गतही फारशी वेगळी नसते. विद्यार्थीदशेत ज्यांनी कादंबऱ्यांचा फडशा पाडला, त्यांच्या उशाशी आज महिनोन्‌महिने एकच पुस्तक त्याच पानावर खूण घालून पडलेले असते. आम्ही संशोधकही याला अपवाद नाही. दिवसभर शोधनिबंध वाचायचे, म्हणजे खरे तर त्यांतले सारांश आणि आलेख चाळायचे. रात्री कथासंग्रह हाती घेतला तर डोळे ओळींवरून फिरतात आणि पान संपल्यावर कळते, की डोक्यात काहीच शिरलेले नाही.

या अवस्थेला आपण 'वाचनाची मरगळ' म्हणू. तिचे कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : आळस, आवड उरली नाही, मोबाइलने घात केला. यात तथ्य नाही असे नाही. पण एवढ्या निदानावरून उपाय सापडत नाही. 'आळस सोडा' असे सांगून आळस गेल्याचे कोणी पाहिले आहे काय? वाचताना डोळा आणि मेंदू नेमके काय करतात हे थोडे समजून घेतले, तर मरगळीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. वाचनाला काही खर्च पडतो आणि वाचनातून काही मिळकत होते. खर्च वाढला, किंवा मिळकत फार उशिरा हाती येऊ लागली, की वाचन थांबते. म्हणून सुट्टीच्या वाचनाची योजना पुस्तकांच्या संख्येवरून नव्हे, तर हा खर्च कसा कमी होईल यावरून आखायला हवी.

डोळा ओळीवरून सरकत नाही

वाचताना आपली नजर ओळीवरून संथपणे सरकत जाते असे आपल्याला वाटते. १८७९ च्या सुमारास एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने दाखवून दिले, की तसे होत नाही. डोळा उड्या मारत जातो. एका जागी थांबतो, झेप घेतो, पुन्हा थांबतो.

हे वर्गात सहज पाहता येते. एका छापील कागदाच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. विद्यार्थ्याला तो कागद डोळ्यांसमोर धरून मनात वाचायला सांगा आणि मागच्या बाजूने भोकातून त्याचे डोळे पाहा. बुबुळांचे छोटे छोटे झटके स्पष्ट दिसतात. सराईत वाचक आणि नवखा वाचक यांचे डोळे एकापाठोपाठ पाहिले, तर फरकही लक्षात येतो. नवख्याचे थांबे जास्त असतात, प्रत्येक थांबा लांब असतो आणि मागे वळणेही वारंवार घडते.

प्रौढ, सराईत वाचकाचा एक थांबा साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या-चौथ्या भागाएवढा असतो. झेप त्याहून कितीतरी लहान, २० ते ४० मिलिसेकंदांची. झेप चालू असताना डोळ्याला नवे असे काही वाचता येत नाही. सारे वाचन थांब्यांत होते. इंग्रजी वाचकांवरील प्रयोगांत शंभरातल्या दहा-पंधरा झेपा उलट दिशेने, म्हणजे आधी वाचलेल्या मजकुराकडे गेलेल्या आढळतात. म्हणजे चांगला वाचकसुद्धा मागे वळून पाहत असतो. 'परत परत मागे जाऊ नकोस' असे मुलाला दटावण्यात काही अर्थ नाही.

या झेपा लागतातच कशाला? दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूच्या अगदी लहानशा भागातच बारीक अक्षर ओळखण्याइतकी स्पष्ट दृष्टी असते. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याच्या नखाएवढाच भाग आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो. या पानावरील एका शब्दावर नजर रोखा आणि डोळे न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून पाहा. तिथे शब्द आहे हे दिसते, तो कोणता हे कळत नाही. पान वाचायचे म्हणजे हा नखाएवढा झोत शेकडो वेळा उचलून योग्य जागी टेकवायचा. सराव असला की हे काम आपोआप होते. सराव मोडला की तेच काम जड वाटू लागते.

मेंदूतील उसनी जागा

बोलणे मानवाला लक्षावधी नसले तरी निदान हजारो पिढ्यांपासून अवगत आहे. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचे. एवढ्या कमी काळात उत्क्रांतीने वाचनासाठी मेंदूत खास केंद्र निर्माण करणे शक्य नव्हते. मग आपण वाचतो कशाने?

मेंदूच्या डाव्या अर्धगोलात, मागच्या-खालच्या बाजूला, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी एक छोटा पट्टा आहे. वाचायला शिकल्यावर तो अक्षरांना आणि शब्दांना प्रतिसाद देऊ लागतो. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहॅन यांनी याला मेंदूतील जुन्या जागेचा नवा वापर म्हटले आहे. जागा जन्मजात आहे, पण तिच्यातले वाचन हे शिकण्याने आलेले आहे.

आपल्या लिपीशी संबंधित एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. त्यांचे सरासरी वय तिशीच्या आसपास होते. शिकण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. मेंदूच्या बाह्यस्तरातच नव्हे, तर थॅलॅमससारख्या खोलवरच्या, पुरातन भागांच्या परस्पर संपर्कातही बदल झालेला दिसला. तिशीत, अवघ्या सहा महिन्यांत! 'आता या वयात काय वाचनाची सवय लागणार' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

देवनागरीची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी लिहिली जाते. 'कि' वाचताना डोळ्याला आधी इ भेटते, मग क. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या प्रयोगांत असे शब्द वाचायला थोडा अधिक वेळ लागतो असे दिसले. शिवाय बाराखडी आणि जोडाक्षरे धरली, तर ओळखायच्या आकृत्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नडची रचनाही बाराखडीचीच. अक्षरांवर पूर्ण पकड यायला मुलांना प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षे लागू शकतात, असे त्यातून दिसते. इंग्रजीची सव्वीस अक्षरे पहिल्या वर्षात संपतात, म्हणून आपल्या मुलांनीही दुसरीत घडाघडा वाचले पाहिजे, ही अपेक्षा लिपीच्या स्वरूपाकडे दुर्लक्ष करणारी आहे.

याचा मरगळीशी संबंध काय? आपली तात्पुरती स्मृती फार लहान असते. एका वेळी चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त तिच्यात मावत नाहीत. अक्षरे ओळखण्यातच ती भरून गेली, तर वाक्याचा अर्थ लावायला जागा उरत नाही. मूल वाक्याच्या शेवटी पोचते तोवर सुरुवात विसरलेले असते. त्याला खर्च पुरेपूर पडतो आणि मिळकत शून्य. असे मूल पुस्तक बाजूला ठेवते तेव्हा ते आळशी नसते, व्यवहारी असते.

मरगळीची तीन कारणे

मरगळ एकाच प्रकारची नसते. योजना आखण्यापूर्वी ती कुठून आली हे पाहावे.

पहिले कारण मजकूर पेलत नाही हे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी ही परभाषा म्हणून शिकणाऱ्यांवर एक प्रयोग केला. कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजण्यासाठी तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. पाच झाले तर अडखळणे, दहा झाले तर दमछाक. ज्यांच्या घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलली जाते, त्या मुलांना पुस्तकी मराठी काही अंशी परभाषाच असते. त्यांच्यासाठी यादीतले 'सोपे' पुस्तकही सोपे नसते.

शब्दांइतकीच विषयाची ओळख महत्त्वाची. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट, कबड्डी, बैलगाडा किंवा मासेमारी ठेवून पाहा. 'वाचता येत नाही' असा शिक्का बसलेले मूल त्याच्या जाणकारीच्या विषयावर किती वाचते, हे पाहून शिक्षकांना आश्चर्य वाटेल.

दुसरे कारण मन मागच्या कामात अडकलेले असणे. हे मोठ्यांत जास्त आढळते. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यास लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कमी दर्जाचे होते. शिक्षकांच्या बाबतीत उत्तरपत्रिका, निकालपत्रके, निवडणुकीची कामे आणि त्यांत दर पाच मिनिटांनी वाजणारा मोबाइल यांची भर पडते. शिवाय उत्तरपत्रिका तपासताना आपण मुद्दे शोधत वाचतो. आठवडेच्या आठवडे असे शोधत वाचले, की तीच चाल अंगवळणी पडते आणि कथेतही डोळा मुद्दे शोधू लागतो. कथेत मुद्दे नसतात, त्यामुळे ती नीरस वाटते.

पडद्याचा प्रश्नही येथेच येतो. २०१८ साली पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर पडद्यापेक्षा थोडा अधिक समजतो आणि वेळेचे दडपण असेल तेव्हा हा फरक वाढतो, असे त्यांना आढळले. कथांच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा घरात पुस्तक नाही पण मोबाइल आहे, तिथे मोबाइलवर गोष्ट वाचणे मुळीच कमी प्रतीचे नाही. अडचण पडद्याची कमी आणि त्यावर मधूनच येणाऱ्या संदेशांची जास्त आहे.

तिसरे कारण निवड आपली नसणे. कोणीतरी दिलेली यादी, कोणीतरी ठरवलेली संख्या आणि शेवटी त्यावर 'पुस्तक परीक्षण' लिहायचे. वाचन हा गृहपाठ झाला, की सुट्टीत त्याची वाट गृहपाठासारखीच लागते : शेवटच्या दोन दिवसांत, किंवा कधीच नाही.

सुट्टीत दरी का वाढते?

एवढा विचार कशासाठी, सुट्टीत मुलांनी खेळावे की, असा प्रश्न कोणी विचारील. खेळावेच. पण सुट्टी सर्वांना सारखी नसते. बार्बरा हेन्स यांनी १९७८ साली अटलांटा शहरातील मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि संपन्न व गरीब घरांतल्या मुलांच्या प्रगतीतला फरक मुख्यतः उन्हाळ्यात वाढतो असे मांडले. १९९६ साली हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला. उन्हाळ्यात मध्यमवर्गीय मुलांचे वाचन टिकले किंवा किंचित सुधारले, तर गरीब मुलांचे घसरले. दोघांतील अंतर सुमारे तीन महिन्यांच्या शिक्षणाएवढे पडले.

हे चित्र सगळीकडे तितकेच गडद नाही हेही सांगायला हवे. पॉल व्हॉन हिपेल आणि इतरांनी अलीकडे दाखवले, की जुन्या चाचण्यांच्या गुणमापन पद्धतीमुळे हे अंतर काहीसे फुगले होते, आणि दरीचा मोठा भाग मूल शाळेत येण्यापूर्वीच तयार झालेला असतो. परंतु वाचनाचा सराव सुटला की कच्च्या वाचकाचे नुकसान जास्त होते, हे वर पाहिलेल्या डोळ्याच्या आणि स्मृतीच्या गणितावरूनही समजू शकते. पक्क्या वाचकाने दीड महिना काही वाचले नाही, तर त्याची अक्षरओळख पुसली जात नाही. ज्याची जोडाक्षरे आत्ता कुठे बसू लागली आहेत, त्याचे तसे नाही.

आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी साधारण दीड महिन्याची. त्या काळात बहुतेक शाळांच्या पुस्तकांचे कपाट कुलपात असते. ज्या घरात पुस्तके आहेत तिथे फारसे बिघडत नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तिथे ते कुलूप म्हणजे वाचनाचे संपूर्ण थांबणे होय.

यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला आहे. रिचर्ड ॲलिंग्टन, अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झेन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्तीच्या शाळांतील सुमारे साडेआठशे मुलांना तीन उन्हाळे, दर वेळी बारा पुस्तके दिली. पुस्तके मुलांनीच निवडली होती. शिकवणी नाही, चाचणी नाही, परीक्षण नाही. तीन वर्षांनंतर या मुलांचे वाचन, पुस्तके न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा चांगले आढळले, आणि सर्वांत गरीब मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फायदा फार मोठा नव्हता, पण खर्चाच्या मानाने निश्चित होता. मुलांनी निवडलेल्या पुस्तकांत लोकप्रिय गायकांची आणि दूरदर्शनवरील पात्रांची पुस्तके बरीच होती. मोठ्यांच्या यादीत ती आली असती काय?

बक्षिसाचे काय करावे?

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांचा १९७३ सालचा प्रयोग शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणीचे प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर प्रमाणपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी पेने पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा पहिल्या गटातील मुले त्यांच्याकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ वळली. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले होते आणि बक्षीस संपताच कामही संपले.

याचा अर्थ कौतुक करूच नये असा नाही. बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी २००८ साली तिसरीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात बक्षीस म्हणून पुस्तकच दिले, तर वाचनाची ओढ कमी झाली नाही. किरकोळ भेटवस्तू दिल्यावर ती कमी झालेली दिसली. तेव्हा सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला कंपासपेटी देण्यापेक्षा प्रत्येक मुलाला त्याच्या पसंतीचे एक पुस्तक देणे शास्त्राला धरून आहे. शिवाय संख्येची स्पर्धा लावली, की मुले पातळ पुस्तके शोधतात आणि मोठ्या अक्षरांची पाने उलटतात. त्यात मुलांचा दोष नाही. आपण मोजू तेच ती वाढवणार.

योजना

वरील सर्व गोष्टी लक्षात घेऊन सुट्टीच्या वाचनाची एक साधी योजना आखता येईल. ती मुलांना जितकी लागू आहे तितकीच शिक्षकांनाही.

१. सुट्टीपूर्वी पुस्तके घरी पाठवा. शेवटच्या आठवड्यात कपाट उघडून पुस्तके सतरंजीवर मांडावीत आणि मुलांना हाताळू द्यावीत. प्रत्येकाने पाच-सहा निवडावीत. एका वस्तीतल्या मुलांनी आपसांत अदलाबदल केली, तर पाचाची पंचवीस होतात. पुस्तके फाटतील, एखादे हरवेलही. कुलपात सुरक्षित राहिलेले पुस्तक मात्र नक्कीच कोणी वाचलेले नसते. शाळेची पुस्तके कमी पडली, तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, गावातील सार्वजनिक वाचनालय आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरील विनामूल्य मराठी गोष्टी उपयोगी पडतात.

२. बोटे मोजायला शिकवा. मुलाने निवडलेल्या पुस्तकाचे मधले एक पान वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्याआधीच पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या एकट्याने वाचण्याचे नव्हे. मोठ्यांकडून ऐकण्याचे आहे. ते परत ठेवायला लावू नये. कोणी वाचून दाखवील या आशेने ते घरी जाऊ द्यावे.

३. संख्या नको, वेळ ठरवा. रोज पंधरा मिनिटे, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी. दुपारी जेवणानंतर ऊन असते आणि बाहेर खेळता येत नाही, ती वेळ सोयीची. गणित करून पाहू. मूल मिनिटाला ८० शब्द वाचते असे समजा. पंधरा मिनिटांत १,२०० शब्द होतात आणि ४० दिवसांत ४८,०००. एका पानावर १०० शब्द असलेले ३२ पानांचे पुस्तक धरले, तर ही पंधरा पुस्तके झाली! 'पंधरा पुस्तके वाच' हे मुलाला डोंगराएवढे वाटते. 'पंधरा मिनिटे बस' हे वाटत नाही. हे गणित वर्गात मुलांकडूनच, त्यांच्या स्वतःच्या वेगाने करून घ्यावे.

४. खाडा झाला तर झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला. एखादे काम अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत वेगवेगळा होता; मधला आकडा ६६ दिवसांचा. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून लग्नकार्यात, प्रवासात वाचन राहिले, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून 'भरपाई' करू नये. पुन्हा पंधरा मिनिटांनी सुरुवात करावी.

५. अर्धवट सोडण्याची मुभा द्या. एक पुस्तक संपल्याशिवाय दुसरे नाही, हा नियम मरगळीचे मोठे कारण आहे. न आवडलेले पुस्तक रस्ता अडवून बसते आणि मागची सगळी पुस्तके खोळंबतात. दहा-पंधरा पाने वाचून गोडी लागली नाही, तर बिनदिक्कत खाली ठेवावे.

६. वाचलेलेच पुन्हा वाचू द्या. परिचित गोष्टीत अनोळखी शब्द नसतात, पुढे काय होणार हे माहीत असते, त्यामुळे खर्च सर्वांत कमी. मरगळीतून बाहेर पडायला ही पहिली पायरी आहे. मोठ्यांनीही नवे जाडजूड पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा पूर्वी आवडलेले एखादे छोटे पुस्तक काढावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' एका बैठकीला एक व्यक्तिचित्र अशा बेताने वाचता येतात, आणि खेड्यात नव्याने आलेल्या तरुण मास्तराची 'बनगरवाडी' तर शिक्षकाला दर वेळी नवीच वाटेल. विज्ञानाची गोडी असणाऱ्यांना जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'मधील कथा आहेतच.

७. मोठ्याने वाचा, ऐकवा. ज्या मुलाची सारी शक्ती अक्षरे जुळवण्यात जाते, त्याला कोणी गोष्ट वाचून दाखवली की खर्च दुसरा करतो आणि मिळकत त्याला होते. नवे शब्द कानावर पडतात. पुढे तेच शब्द पानावर भेटले, की ते अनोळखी राहत नाहीत. आई-वडील निरक्षर असतील, तर थोरल्या भावंडाने धाकट्याला वाचून दाखवावे. यात थोरल्याचाही सराव होतो, आणि सोपे पुस्तक वाचण्याची त्याला लाज वाटत नाही.

८. वाचनाआधी पाच मिनिटे रिकामी ठेवा. हे मुख्यतः मोठ्यांसाठी. राहिलेली कामे एका कागदावर लिहून काढावीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि मगच पुस्तक उघडावे. पहिली दोन-तीन पाने नेहमीपेक्षा सावकाश, जमल्यास ओठ हलवत वाचावीत. मुद्दे शोधण्याची चाल मोडायला याची मदत होते.

शिक्षकाने स्वतः वाचावे, हा या योजनेतला उपदेश म्हणून जोडलेला भाग नव्हे. कोणते पुस्तक कोणत्या मुलाच्या हाती द्यावे, हे ज्याने ती पुस्तके वाचली आहेत त्यालाच सांगता येते. शाळेच्या कपाटातली तीस-चाळीस पातळ पुस्तके वाचून काढायला प्रौढ वाचकाला सुट्टीतले थोडेच दिवस पुरतात. मरगळ आलेल्या शिक्षकासाठी याहून सोपी सुरुवात दुसरी नाही. मजकूर हलका, प्रत्येक पुस्तक एका बैठकीत संपणारे आणि उपयोग जूनमध्येच दिसणारा.

आणि जूनमध्ये मुले परत आली, की एवढेच करावे. 'किती पुस्तके वाचलीत?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर आकड्यात येते आणि ज्याचा आकडा लहान ते मूल गप्प बसते. त्याऐवजी 'कोणते पुस्तक अर्धे टाकलेत, आणि का?' असे विचारावे. या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असते. एक म्हणेल शब्द कठीण होते, दुसरा म्हणेल चित्रे नव्हती, तिसरी म्हणेल भुताचे होते म्हणून भीती वाटली. ही उत्तरे वहीत नोंदवून ठेवली, तर दिवाळीच्या सुट्टीत कोणाच्या हाती काय द्यायचे याची यादी आपोआप तयार होईल, आणि ती यादी मुलांनीच केलेली असेल.